अध्यक्षांच्या विटा

रविवारी अध्यक्षांवर अविश्वासाचा ठराव यायचा होता, आणि अध्यक्षांचे नातेवाईक शुक्रवारपासूनच जेवायला हजर झाले होते. यात कुणालाच काही वावगं वाटत नव्हतं. ठराव मांडणारा श्यामलाल टेंभरे हा अध्यक्ष दुलीचंद टेंभऱ्यांचा सख्खा धाकटा भाऊ, त्याला अनुमोदन देणारे बकाराम हे दोघांचे मामा, आणि ठरावाला विरोध करणारे उदेभान हे अध्यक्षांचे जावई. वैनगंगा क्रिकेट क्लबाची कार्यकारिणी पाच जणांची होती आणि पाचही जण एकाच चुलीवरचं जेवणारे होते. दुलीचंदनं ती तशीच निवडली होती.

पाचवं नाव देवकाबाईंचं.

क्लब काढला त्या वर्षी नियमाप्रमाणे पाच सभासद हवे होते आणि दुलीचंदला भरवशाचे चारच सापडले होते. तेव्हा तो स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन म्हणाला होता, "वहिनी, पाचव्या तुमी." देवकाबाईंना वाटलं, पंगतीत पाचव्या. त्या बरं म्हणाल्या. तेव्हापासून बाहेर छपरीत सभा भरायची, आणि ठरावाची वेळ आली की दुलीचंद आतल्या दाराकडे तोंड करून ओरडायचा, "वहिनी, हात वर करा!" देवकाबाई चुलीपाशी बसल्या जागी पळीचा हात वर करायच्या. या पळीनं त्यांनी दर वर्षी आपल्या दिराला अध्यक्ष केलं होतं, उदेभान जावयांना कप्तान केलं होतं, आणि एकदा रेल्वेच्या संघाचा जाहीर निषेधही केला होता. निषेध कशाबद्दल, ते त्यांना मागाहून कळलं.

ते प्रकरण सगळ्या गोंदियाला पाठ होतं. मागल्या हिवाळ्यात वैनगंगा ढालीच्या शेवटच्या सामन्यात रेल्वेवाले जिंकायला आले होते. गडी हातात होते, धावा थोड्या उरल्या होत्या. तेवढ्यात अध्यक्षांनी चहाची सुट्टी जाहीर केली. चहा आला. मग भजी आली, मग चिवडा आला, मग कुणीतरी जाऊन गरम जिलेबी आणली. शेवटी पाहुण्यांच्या स्वागताचं भाषण करायला स्वतः अध्यक्ष उभे राहिले आणि सूर्य बुडाल्यावरच खाली बसले. अंधारात चेंडू दिसेना, म्हणून पंच बकाराममामांनी सामना बरोबरीत सोडवला, आणि ढाल जिथे होती तिथेच, म्हणजे दुलीचंदच्या राईस मिलच्या कचेरीत राहिली. रेल्वेवाल्यांनी तक्रार केली, तेव्हा 'खाल्ल्या अन्नाला जागत नाहीत' म्हणून त्यांचाच निषेध झाला. नागपूरच्या एका वर्तमानपत्रानं 'गोंदियाचा चहा' अशा मथळ्याखाली चार ओळी छापून या सगळ्याची टर उडवली. दुलीचंदनं ते कात्रण काचेच्या चौकटीत घालून ढालीशेजारी टांगलं. "नाव त छापून आलं न," तो म्हणाला.

धंद्यातही तो असाच होता. धानाच्या अडतीतून त्यानं राईस मिल उभी केली, दरेकशाच्या जंगलात तेंदूपानाचे ठेके घेतले आणि 'चौकार छाप' बिडी काढली. बिडीच्या कट्ट्यावर बॅट उगारलेल्या दुलीचंदचं चित्र होतं. प्रत्यक्षात त्याच्या हातात बॅट कुणी कधी पाहिली नव्हती; चित्रकारानंही पाहिली नसावी, कारण चित्रातली बॅट उलटी होती. क्लबाच्या गड्यांनी चौकार छापच ओढावी असा लेखी नियम नव्हता. पण गावातला सगळ्यांत वेगवान गोलंदाज दुसऱ्या छापाची बिडी ओढायचा आणि तो सलग दोन हिवाळे राखीव गड्यांत बसून होता.

एवढं सगळं लोकांनी चालवून घेतलं होतं. ठिणगी पडली ती विटांवरून.

क्लबाचं मैदान म्हणजे देवकाबाईंची मोठी बांधी, धानाचं शेत. देवकाबाईंचे यजमान सेवकराम, घरातले थोरले, मानमोडीच्या साथीत गेले. तेव्हा घरानं हे शेत देवकाबाईंना चोळीबांगडीसाठी लिहून दिलं. पावसाळ्यात त्यात धान उभा राहायचा. कापणी, मळणी झाली की दुलीचंद जमीन ठोकून घ्यायचा, मधोमध काथ्याची चटई अंथरायचा, आणि होळीपर्यंत क्रिकेट चालायचं. देवकाबाईंची त्याला ना नव्हती. रिकामी जमीन, खेळेनात बापडे. पण यंदा नागपूरच्या प्रांतिक मंडळाच्या उपाध्यक्षपदाची एक जागा निघाली. ज्या गावात बारमाही मैदान आणि पक्कं पॅव्हेलियन असेल त्या गावाला ती मिळणार होती, आणि बुधवारी मंडळाचे लोक जागा पाहायला येणार होते. कापलेल्या धानाच्या पेंढ्यांचं पुंजणं अजून शेतात उभं होतं, तोच त्याच्या शेजारी विटांच्या गाड्या रिकाम्या झाल्या. देवकाबाईंना ही बातमी मजुरांकडून कळली.

शनिवारी सकाळी त्या नेहमीसारख्या मळणीवर देखरेख करायला शेतात गेल्या आणि विटांच्या ढिगावरच बसल्या. खळ्यावर बैल गोल फिरत होते. एवढ्या उंचावरून सगळं नीट दिसत होतं. विटांचा तेवढा तरी उपयोग होता.

पहिला आला श्यामलाल. क्लबाचा चिटणीस तोच होता. आधी त्यानं बैलांची चौकशी केली, मग धानाची, मग वहिनींच्या गुडघ्यांची.

"गुडघे बरे आहेत," देवकाबाई म्हणाल्या. "तू कायले आला ते सांग."

"तुमाले त माहीतच आहे सगळं, वहिनी."

"मले काय माहीत? मी पाचवी आहो. पाचव्या मानसाले कोन सांगते?"

"दुलीभाऊनं क्लबाची इज्जत घालवली. रेल्वेचे लोक अजून स्टेशनवर 'चाय गरम' म्हनून चिडवतेत मले. मी तिकीट काढाले गेलो तरी! आतं दोन मतं इकडं, दोन तिकडं. तुमच्या हातात आहे."

"मंग दुली गेल्यावर अध्यक्ष कोन?"

"ते पाहू न. लोकायनं मलेच म्हटलं, तं..." श्यामलालनं खांदे उडवले. पण कोट नवा होता आणि केसांना तेल होतं. लोकांनी म्हणायच्या आतच तो तयार होऊन आला होता.

"आन झाल्यावर काय करशीन?"

"पहिले त हे पॅव्हेलियन पुरं करीन!" श्यामलालनं त्या बसल्या होत्या त्याच विटांकडे बोट दाखवलं. "नागपूरवाल्यायले जबान देल्ली आहे. घरान्याचा सवाल आहे."

"असं होय," देवकाबाई म्हणाल्या, आणि त्यांनी बैलांकडे मान वळवली.

दुपारी छत्री टेकत बकाराममामा आले. मामांचं वय झालं होतं आणि नजर पार गेली होती. पण पंचाला नजरेपेक्षा मान लागतो असं दुलीचंदचं मत होतं. मामांनी धानाच्या पुंजण्यासमोर उभं राहून सुरुवात केली, "देवका, माझा अपमान झाला."

"मी इकडे आहो, मामाजी," देवकाबाई डोक्यावरचा पदर सावरत विटांवरून खाली उतरल्या.

मामा वळले. "चहा दुलीनं पाजला आन नाव माझं गेलं. 'अंधार झाला, असं तुमीच सांगतलं,' म्हनते मले! अंधार झाला होता का नाई, मले काय दिसते? म्हनून मी श्यामलालकडून आहो. पन..." त्यांनी आवाज खाली आणला. "आज सकाळी दुली शिंप्याले घेऊन आला. पंचाचा पांढरा कोट शिवून देते म्हनते, बुधवारच्यासाठी. साहेबाच्या पंचाले राहते तसा. आतं मी इचारात पडलो, बाई."

"कोट येऊ द्या पहिले," देवकाबाई म्हणाल्या. मामांना हा सल्ला फार पटला.

त्यांच्या पाठोपाठ जमुनाबाई डोक्यावर जेवणाची पाटी घेऊन आली. दुलीचंदची बायको. जावेला वाढता वाढता तिनं रडायला सुरुवात केली, आणि पोपटाच्या शेंगांची भाजी वाढून होईपर्यंत रडणं थांबवलंही.

"बाई, त्यायले पाडू नका."

"तुले कवापासून क्रिकेटची एवढी काळजी?"

"क्रिकेट जाऊ द्या मसनात! माझी काळजी आहे मले. मिल मुनीम पाहते, बिडी कारखाना दिवानजी पाहते. हा मानूस अध्यक्ष नाई राहिला तं दिवसभर घरी राहीन. मागं दसऱ्याले चार दिस घरी होते. चुलीची जागा बदलली, पोळ्यायचा आकार ठरवला, आन नातीले, आपल्या लीलाच्या पोरीले, उभं करून भाषन देल्लं. मले तं वाटते, त्यायले नागपूरचं उपाध्यक्षच करून टाका. तिकडेच राहतीन."

देवकाबाईंना हसू आवरेना. घास हातातच राहिला. दोघी जावा विटांवर बसून बराच वेळ हसत होत्या.

जमुनाबाई पाटी घेऊन वळते न वळते तोच धानाच्या काडांच्या, तणसाच्या ढिगाआडून उदेभान जावई बाहेर आले. सासूबाई जायची ते वाटच पाहत होते. गोंदियाजवळच्या गोरेगावात त्यांचं कापडाचं दुकान होतं आणि मोठ्या सासूला ते, बायको लीला म्हणायची तसंच, मोठीमाय म्हणायचे.

"मोठीमाय, मले वाचवा."

"तुमाले काय झालं, जवाईबापू? तुमी तं कप्तान आहा."

"तेच झालं न!" उदेभानांनी उजव्या हाताचं मधलं बोट पुढे केलं. ते मधूनच एका बाजूला वळलं होतं. "हे पहिल्या वर्षीचं. आन हा दात दुसऱ्या वर्षीचा. मले चेंडूची भीती वाटते, मोठीमाय. रविवारी सामना असला की गुरुवारपासून जेवन जात नाई. सासरे अध्यक्ष आहेत तोवर मी कप्तान. ठराव पास झाला, तं सुटलो मी."

"मंग करा न हात वर ठरावाच्या बाजूनं."

उदेभान हताशपणे हसले. "लीला दारात उभी राहनार आहे. 'माझ्या बाबाविरुद्ध हात उचलला तं गोरेगावले एकटेच जाजा,' म्हनली. मी विरोधातच हात करीन. पन माझ्या मनातलं मत तुमी टाका."

चार जण येऊन गेले होते. श्यामलालला खुर्ची हवी होती, मामांना कोट, जमुनाला नवरा घराबाहेर, जावयांना शाबूत बोटं. ज्या शेतात उभं राहून हे सगळे बोलत होते त्या शेताबद्दल एकानंही शब्द काढला नव्हता. आणि गंमत अशी, की देवकाबाईंना त्याचा राग येत नव्हता. त्या वाट पाहत होत्या दुलीचंदची.

उन्हं कलल्यावर तो आला. धोतराचा सोगा खिशात, अंगात बंद गळ्याचा कोट, चालणं घाईचं. तो सरळ शेताच्या बांधावर, धुऱ्यावर चढला आणि हात पसरून बोलू लागला, "इथून पायऱ्या, वहिनी. वर बसाले साहेब लोक. खाली गडी. मधात घड्याळ. पूर्वेकडे तोंड, म्हंजे दुपारी ऊन नाई."

देवकाबाई त्याच्याकडे पाहत राहिल्या. त्या लग्न होऊन या घरात आल्या तेव्हा हा तीन वर्षांचा होता. सासू नव्हती. नव्या नवरीचा पदर मुठीत धरून तो झोपायचा, आणि पदर सुटला की रडायचा. जरा मोठा झाल्यावर गल्लीतली पोरं त्याला विटीदांडूत घ्यायची नाहीत. पळता यायचं नाही, मारता यायचं नाही, वर हरला की भांडायचा. मग देवकाबाई मागच्या अंगणात पदर खोचून त्याच्याशी विटीदांडू खेळायच्या आणि मुद्दाम हरायच्या. आता गावातल्या कुणाला खेळात घ्यायचं आणि कुणाला नाही, हे हाच ठरवायचा. गावाला त्याची चीड होती. देवकाबाईंना ती चीड कधी नीट जमली नाही.

"आन नाव ठरवलं आहे," दुलीचंद म्हणाला. या वेळी त्याचा आवाज नेहमीचा नव्हता. "दगडावर कोरून घेतो. सेवकराम पॅव्हेलियन."

नवऱ्याचं नाव देवकाबाई स्वतः कधी घेत नसत. दुसऱ्याच्या तोंडून ते मोठ्यानं ऐकूनही बरीच वर्षं झाली होती. त्यांनी मावळतीकडे तोंड केलं. याच बांधीत, गुडघाभर चिखलात, ते धानाची रोवणी करणाऱ्या बायांशी थट्टा करत उभे राहायचे. हे नाव दगडावर राहिलं असतं. त्या गेल्यावरही राहिलं असतं.

"दुली," त्या म्हणाल्या, "मले इचारलं काऊन नाई तू?"

"काय इचाराचं?"

"वावर माझं आहे न?"

दुलीचंद खरोखरच चकित झाला. "तुमाले काय इचाराचं, वहिनी? तुमी काय नाई म्हनान मले?"

त्यानं हे अगदी विश्वासानं म्हटलं. तो विटांवर प्रेमानं हात फिरवून निघून गेला. मताबद्दल तो बोलला नाही. मतही त्यानं गृहीतच धरलं होतं.

रविवारी पंगत उठल्यावर छपरीत सतरंजी पडली. स्वतःवरच्या अविश्वासाच्या सभेचं अध्यक्षपद दुलीचंदनं स्वतःच घेतलं, कारण नियमात दुसरी सोय नव्हती; नियम त्यानंच केले होते. जेवणात त्यानं वडे, पुरण आणि तुपाची रेलचेल करवली होती. हेतू हा, की ठराव वाचेपर्यंत विरोधकांना झोप लागावी. श्यामलाल तोंडावर पाणी मारून आला.

बकाराममामा नव्या पांढऱ्या कोटात बसले होते. कोट खरोखरच झोकात होता. मामा सगळ्यांकडे वळून वळून पाहत होते, आणि सगळ्यांना त्यांची पाठ दिसत होती. श्यामलालनं पाठ वाचली आणि त्याचा चेहरा उजळला.

"मामा, पाठीवर काय लिवलं आहे, माहीत आहे का?"

"लिवलं आहे?" मामांनी हात मागे नेऊन चाचपलं. टाके हाताला लागले. "काय लिवलं आहे?"

"'चौकार छाप बिडी. एकदा ओढा, पुन्हा मागा.'"

मामा ताडकन उभे राहिले. "दुल्या! तुह्या मायचा भाऊ आहो मी! मले भिंत समजला का रे, इश्तिहार चिकटवाले?"

"मामा, सगळ्यायची नजर पंचावरच राहते, म्हनून..." दुलीचंद सांगू लागला, पण मामांनी कोट काढून त्याच्या अंगावर फेकला होता. श्यामलालनं संधी साधून ठराव मतदानाला टाकायला लावला. बाजूनं दोन हात वर झाले, श्यामलालचा आणि मामांचा. मामांनी तर दोन्ही वर केले होते, त्यातला एक खाली घ्यायला लावावा लागला. विरोधात दुलीचंदचा स्वतःचा हात होता. आतल्या दारातून लीला खाकरली, आणि वाकड्या बोटाचा उदेभानांचा हातही वर आला.

"दोन-दोन," दुलीचंद म्हणाला. त्यानं नेहमीसारखं आत तोंड केलं. "वहिनी, हात वर करा!"

मग पदर सारखा करत देवकाबाई बाहेर आल्या आणि सतरंजीच्या कडेला बसल्या. इतक्या वर्षांत त्या सभेत पहिल्यांदाच बसत होत्या. मामांनीसुद्धा, काही न दिसता, मान वळवली.

"कोनत्या बाजूनं हात करू?" त्यांनी विचारलं.

"विरोधात! माझ्याकडून," दुलीचंद म्हणाला.

"त्या विटा कवा उचलतस?"

"विटा?"

"पुंजन्याजवळच्या. माझ्या बांधीतल्या. तिथं पॅव्हेलियन झालं तं मी धान कुठं लावू?"

"वहिनी, मिलमध्ये धान काय कमी आहे? जन्मभर बसून खा तुमी."

"तुह्या मिलमधला धान तुहा आहे, दुली. तू देशीन, मी खाईन. आन माझ्या बांधीतला धान मी देतो, तू खातस. फरक आहे का नाई?"

दाराआड जमुनाबाईच्या बांगड्या वाजल्या आणि थांबल्या.

दुलीचंद हळू आवाजात म्हणाला, "मी भाऊचं नाव देऊन राहिलो होतो, वहिनी."

"माहीत आहे. रातभर तेच आठवत होती." देवकाबाई म्हणाल्या. "पन ते असते, तं त्यायनं पहिले मले इचारलं असतं."

आणि त्यांनी हात वर केला. ठरावाच्या बाजूनं.

श्यामलाल टुणकन उठला आणि अध्यक्षाच्या गादीकडे निघाला. "तू कुठं चालला?" देवकाबाई म्हणाल्या. "तुलेबी मत लागन न माझं? मंग पहिले गाड्या जुंपाले सांग. विटा गेल्या की माझा हात तुह्याकडून." श्यामलालनं नागपूर आठवलं, जबान आठवली, घराणं आठवलं, शेवटी गादीकडे पाहिलं आणि गडी माणसाला हाक मारली. तोवर दुलीचंद चपला न घालताच रस्त्यावर उतरला होता. त्यानं मागे वळून पाहिलं नाही. आतून जमुनाबाईचा आवाज आला, "झालं! आतं घरीच राहते हा मानूस!"

पण तो घरी राहिला नाही. सोमवार-मंगळवार मिलवरच झोपला, आणि घरून गेलेला डबा तसाच परत आला. देवकाबाईंनाही घास गेला नाही. योग्य केलं असं त्यांना वाटत होतं आणि त्यानं भूक काही लागत नव्हती.

बुधवारी नागपूरचे दोन गृहस्थ स्टेशनवरून टांग्यानं आले. एक टोपीवाले, एक चष्मेवाले. विटा हलवून अध्यक्ष झालेला श्यामलाल हार घेऊन पुढे झाला. खळ्याच्या बाजूनं देवकाबाई पाहत होत्या. हार घालून झाले. मैदान कुठे आहे, असं टोपीवाल्यांनी विचारलं तेव्हा तो म्हणाला, "हे... धान आहे. ते तनस आहे. आन हे बैल."

लांब, धुऱ्याच्या टोकाला पळसाखाली दुलीचंद पाठमोरा उभा होता आणि पळसाची साल फार बारकाईनं पाहत होता. देवकाबाई तणसातून वाट काढत त्याच्यापर्यंत गेल्या.

"जा," त्या म्हणाल्या.

"मी कोन आहो? सामान्य सभासद."

"मंग सामान्य सभासदासारखा जा. तो पोरगा त्यायले बैल दाखवून राहिला."

दुलीचंदनं मान वळवून पाहिलं. श्यामलाल खरोखरच बैलाच्या शिंगावर हात ठेवून उभा होता. दुलीचंदच्या चेहऱ्यावर वेदना उमटली आणि तो निघाला. सुरुवातीला हळू, मग घाईनं, मग दोन्ही हात पसरून. काय बोलणं झालं ते देवकाबाईंना ऐकू आलं नाही. पाहुणे हसताना दिसले, जमिनीवर काठी टोचताना दिसले. चष्मेवाल्यांनी एकदा खळ्याकडे बोट करून काहीतरी विचारलं आणि दुलीचंदनं उत्तर द्यायला वेळ लावला. नंतर ते लोक टांग्यात बसले आणि टांगा धुळीत दिसेनासा झाला.

तो परत आला आणि खळ्याच्या कडेला मांडी घालून बसला.

"काय म्हनले?" देवकाबाईंनी विचारलं.

"जमीन चांगली आहे म्हनले. पन बारमाही मैदान पाहिजे. दुसरं गाव पाहतो म्हनले."

"आन उपाध्यक्ष?"

"ज्याचं मैदान, त्याचा उपाध्यक्ष."

"मंग तू सांगतलं काऊन नाई, मी वहिनीले मनवतो म्हनून? तुले त कोनालेबी मनवता येते."

"त्या चष्मेवाल्यानं तेच म्हटलं. जमीन घरचीच आहे न, म्हने. घरच्या बाईची सही आनाले किती वेळ लागते?" दुलीचंदनं तणसाची एक काडी उचलून मोडली. "मी म्हटलं, घरची नाई. वहिनीची आहे."

बैलांच्या खुरांखाली धान सळसळत होता. देवकाबाईंनी फडक्यात बांधलेली तांदळाची भाकर आणि वांग्याची भाजी सोडली आणि त्याच्यापुढे सरकवली. त्यानं खायला सुरुवात केली. तीन दिवसांच्या भुकेनं खात होता. दुसरी भाकर संपत आली तेव्हा तो चावता चावता थांबला आणि बांधीकडे डोळे बारीक करून पाहू लागला. ही नजर देवकाबाईंच्या ओळखीची होती. तेंदूपानाच्या लिलावात तो असाच पाहायचा म्हणे.

"वहिनी, एक इचारू का?"

"इचार."

"तुमी या बांधीत भारी धान लावता. तो निघाले मार्गशीर्ष येते. बालाघाटकडे हलक्या धानाचं एक बियानं आहे. दसऱ्याच्या आगेमागेच कापाले येते. पुढच्या साली तो लावून पाहता का? पिकन थोडा कमी, मी खोटं नाई सांगत. पन तुमची कंबर थंडीत खळ्यावर दुखते, ते वाचन. आन जमीनबी लवकर रिकामी होईन."

"दुली, हे तू माझ्या कंबरेसाठी म्हनतस, का क्रिकेटसाठी?"

"तुमच्या कंबरेसाठी."

"दुली."

त्यानं घास गिळला. "बरं. क्रिकेटसाठी."

देवकाबाईंनी उरलेली भाकर त्याच्या पुढ्यात टाकली. "मंग आन बियानं," त्या म्हणाल्या. "अर्ध्या बांधीपुरतं आन. पहिले पाहू दे मले, भात कसा लागते ते."

"अर्ध्या बांधीत सीमारेषा कुठं येईन, वहिनी?" दुलीचंद म्हणाला, आणि खरकट्या हातानंच उठून पावलं मोजायला निघाला.